हक्काचं पान

मी एक जुनी झेरॉक्स प्रत आहे. पुस्तक नव्हे, पुस्तकाची नक्कल. अंगावर तपकिरी कागदाचं वेष्टन आहे, कडेला दाभणाने घातलेले तीन टाके आहेत आणि मधल्या एका पानावर एका माणसाच्या अंगठ्याची काळी सावली आहे. मला नाव नाही. कोणत्याही वाचनालयाचा शिक्का माझ्यावर नाही, दाखल-वहीत माझा क्रमांक नाही.

मित्रांनो, आपली जीवनकथा सांगायला बसणारे बहुधा आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतात. माझ्याजवळ पराक्रम नाही. एक चूक आहे, आणि ती सांगताना आजही माझी पानं एकमेकांना चिकटू पाहतात. तरीही सांगते. व्रताची कहाणी चुकलेल्याच्या तोंडून ऐकली म्हणजे मनावर जास्त ठसते. तशीच ही ऐका.

माझी आई म्हणजे खरंखुरं पुस्तक. तिचं नाव 'सहाणेवरची घुटी'. सन एकोणीसशे एक्कावन्नमध्ये नाशिकच्या एका लहानशा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून ती छापली गेली. चौसष्ट पानं, गुलाबी पुठ्ठा, त्यावर सहाणेचं चित्र. लिहिणारीचं नाव भागीबाई. सटाण्याकडच्या एका खेड्यातून त्या लग्न होऊन नाशिकला आल्या आणि तरुणपणीच विधवा झाल्या. पुढे सुईणीचं शिक्षण घेऊन त्यांनी हजारभर बाळांना या जगाचा पहिला प्रकाश दाखवला. पुष्कळ आया त्यांना तेच तेच विचारत. बाळाला घुटी कशी द्यायची? किती द्यायची? शेवटी त्यांनी ते लिहूनच काढलं.

तुमच्यापैकी काहींना घुटी ठाऊक नसेल. बाळाला सकाळी आईच्या दुधात औषधी मुळं-फळं उगाळून चाटवत, ती घुटी. त्यातला एक तुकडा सहाणेवर एकदा गोल फिरवला की एक वेढा. कितव्या महिन्यात कशाचे किती वेढे, याची कोष्टकं आईच्या पोटात होती. बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ. औषध म्हणावं तर औषध, आणि हात सैल सुटला तर विष. म्हणून भागीबाईंनी आकडे फार जपून घातले होते.

आईच्या हजार प्रती निघाल्या आणि संपल्या. छापखाना बंद पडला. तीस-पस्तीस वर्षांत पुस्तक कुठे विकत मिळेनासं झालं. नाशिकच्याच द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर एक लहान वाचनालय होतं, तिथल्या कपाटात एक प्रत तेवढी उरली. ती माझी आई. तिची पानं पापडासारखी झाली होती. उलटताना कोपरा तुटून हातात यायचा. तरी बाया तिला मागायला यायच्या.

वाचनालयाचे ग्रंथपाल होते कारभारीसर. पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, आणि बोलणं मोजकं. शहाऐंशी सालच्या श्रावणात त्यांनी आईला टेबलावर ठेवलं आणि आपल्या सहायक विमलाबाईंना हाक मारली.

"विमलाबाई, ही द्वारकेला निसारभाईंकडे न्या. तीन प्रती काढा."

"तीनच, सर? मागणाऱ्या खूप आहेत हो. सहा काढल्या तर?"

"तीनच. पुस्तक विकत मिळत नसेल, तर वाचनालयाने आपल्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढाव्यात असं कायदा म्हणतो. चौथी म्हणत नाही."

"आणि कुणी आपल्या घरापुरती मागितली तर?"

"स्वतःच्या अभ्यासापुरतं उतरवून घ्यायची थोडी मोकळीक आहे. पण किती आणि कुणाला, ते पाहावं लागतं. कुणी मागितलं तर आधी माझ्याकडे पाठवा."

विमलाबाईंनी मान डोलावली. त्या सरळ मनाच्या बाई होत्या. आयुष्यात त्यांनी वाचनालयाची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. पण त्यांचा एक स्वभाव होता, त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती बहीण त्यांच्या घरी कायमची मुक्कामाला होती.

निसारभाईंचं दुकान म्हणजे एक गाळा. त्यात एक मोठं यंत्र. पुस्तक काचेवर पालथं ठेवायचं, वर झाकण दाबायचं, मग हिरवट उजेड एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकायचा आणि पलीकडून गरम कागद बाहेर यायचा. पुस्तक उघडं ठेवलं की समोरासमोरची दोन पानं एका कागदावर उतरायची. आईची पाठ ठिसूळ झाली होती. झाकण दाबलं तर ती मोडली असती. म्हणून निसारभाई झाकण उघडं ठेवून आपल्याच हाताने तिला हळुवार धरत होते. त्या दिवशी दुपारभर त्यांनी माझ्या तिन्ही बहिणींना जन्म दिला. एकही पान गाळलं नाही.

काम संपलं. विमलाबाई पिशवी भरू लागल्या. निसारभाईंनी हात पुसले, पण ते बाजूला होईनात.

"ताई, एक विचारू? आमच्या शहनाजला आठवा लागलाय. पहिलटकरीण आहे. तिची मां नाही. आमच्या घरात माजिदा आहे, पण तिला तिच्या सासूने जे सांगितलं तेवढंच येतं. एक प्रत घरात असती तर पोरीने वाचून केलं असतं."

शहनाज म्हणजे त्यांची सून. माजिदा त्यांची बायको.

"सरांना विचारावं लागेल, निसारभाई."

"विचारा ना. पण तुम्ही उद्या विचारणार, ते परवा सांगणार, पुस्तक पुन्हा काचेवर येणार. बघा तिची हालत. दुसऱ्यांदा आणलीत तर पानं माझ्या हातात राहतील आणि पुठ्ठा तुमच्या."

हे खरं होतं. आणखी एक गोष्ट खरी होती, ती विमलाबाईंनी बोलून दाखवली नाही. भागीबाई जिवंत होत्या. लांब कुठे नव्हे, दर गुरुवारी त्याच वाचनालयात येऊन खिडकीशी बसत. पंचाहत्तरीच्या घरात, डोळ्यांना जाड भिंगं. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचा ध्यास त्यांनी घेतला होता. कागदांवर पेन्सिलीने दुरुस्त्या करत बसायच्या. त्यांना विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर म्हणणं, मावशी, तुमचं पुस्तक आम्ही न विचारता घराघरांत वाटतोय. ती भीड विमलाबाईंना मोडवेना.

"काढा," त्या म्हणाल्या. "पण फक्त घरापुरती हं. बाहेर कुणाला द्यायची नाही."

"अल्लाकसम."

निसारभाईंनी आईला पुन्हा काचेवर घेतलं. पुठ्ठा उतरला. मग पुढचं उघडलं. डाव्या पानावर मधोमध एकच ओळ होती. 'सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन.' तिच्याखाली भागीबाईंचा पत्ता. विमलाबाईंची नजर त्या ओळीवर गेली आणि त्यांना चटका बसल्यासारखं झालं. देवाच्या तसबिरीसमोर चप्पल घालून उभं राहावं, तसं त्यांना वाटलं.

"निसारभाई, ते पान नको."

"कोणतं?"

"ते हो. हक्काचं. ते सोडा. पुढचं घ्या."

निसारभाई हसले. "जसं म्हणाल तसं. नाव नाही, गाव नाही, पोलीस आला तर ही म्हणेल मी यतीम आहे, अनाथ आहे." त्यांनी पान उलटलं.

मित्रांनो, लक्षात घ्या. दोन पानं एका कागदावर उतरत होती. डावीकडे हक्काची ओळ होती. उजवीकडे काय होतं, ते दोघांपैकी कुणीही वाचलं नाही.

तो संबंध कागद माझ्यात आलाच नाही. मी जन्मले ती अशी. बाकी आईचं सारं माझ्यात उतरलं. तिच्या डागांसकट, तिच्या तुटलेल्या कोपऱ्यांसकट, आणि वर निसारभाईंच्या अंगठ्याची सावली. मी गुन्हा होते की नव्हते, हे मला आजवर कुणी नक्की सांगितलेलं नाही. पण मी लपवलेली होते, एवढं मला पहिल्या क्षणापासून कळत होतं. माझ्या तिघी बहिणी वाचनालयाच्या पिशवीतून ताठ मानेने गेल्या. मला वर्तमानपत्रात गुंडाळलं.

शहनाजने मात्र माझे लाड केले. तिनेच मला तपकिरी कागद चढवला. ती नगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती आणि त्याचा तिला अभिमान होता. दुपारी पाय पसरून बसायची आणि माजिदाला मोठ्याने वाचून दाखवायची. माजिदाला उर्दू वाचता येई, मराठी नाही.

आश्विनात मुलगी झाली. सगळे तिला छोटीच म्हणू लागले. मग रोज सकाळी मी सहाणेशेजारी उघडी पडू लागले. पहिल्या महिन्याचं कोष्टक, मग दुसऱ्या महिन्याचं. शहनाज बोट ठेवून वाचायची आणि वेढे मोजायची. छोटी बाळसं धरू लागली. शेजारच्या बाया यायच्या आणि म्हणायच्या, "काय करते गं? पोर लोण्याचा गोळा झालीय!" शहनाज माझ्याकडे बोट दाखवायची. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा गर्व झाला होता. वाटायचं, नसेना का शिक्का. नसेना का ते एक पान. माझं कुठे काय अडलं?

तिसरा महिना लागला. शहनाजने तिसरं कोष्टक उघडलं. या कोष्टकात जायफळ पहिल्यांदाच येत होतं.

"बाळहिरडा दोन. मुरुडशेंग दोन. वेखंड एक. जायफळ अकरा," तिने वाचलं.

माजिदाचा हात थांबला. "कितने?"

"अकरा, अम्मी."

"इतनी सी जान को ग्यारा? अगं, आमच्या सासूबाई जायफळ नुसतं दाखवायच्या सहाणेला."

"तुमच्या सासूबाईंनी कुठं वाचलं होतं, अम्मी? इथं छापलंय." शहनाजने मला तिच्यासमोर धरलं. "हे बघा. दोन उभ्या रेघा. अकरा."

"बाकीचे आकडे तर वेगळे दिसतात. हे इंग्लिशमधे का?"

"खिळे संपले असतील छापखान्यात!" शहनाज हसली. माजिदाही हसली. छापलेल्यापुढे तिला काय बोलता येणार?

मित्रांनो, त्या दोन उभ्या रेघा म्हणजे अकरा नव्हते. आपल्याकडे पूर्वी अर्धा असाच लिहीत, दोन उभे दंड काढून. पावाला एक दंड. दशमान पद्धत आल्यावर शाळांतून ते गेलं. शहनाजच्या वयाच्या मुलींनी ते कधी पाहिलंच नव्हतं. भागीबाईंना हे दिसत होतं की काय कोण जाणे, पण त्यांनी एक्कावन्न सालीच पुस्तकात सुरुवातीला खुलासा छापला होता. 'एक उभा दंड म्हणजे पाव वेढा. दोन उभे दंड म्हणजे अर्धा वेढा. बाळाच्या जिवाशी गाठ आहे. समजले नाही तर वरील पत्त्यावर येऊन विचारावे.'

तो खुलासा कुठे होता, हे तुम्ही ओळखलं असेलच. हक्काच्या पानाच्या समोर. उजवीकडे.

मी पाहत होते. जायफळ गोल गोल फिरत होतं. एक, दोन, तीन. मला तोंड असतं तर मी ओरडले असते का? नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण ती अर्ध्याची खूण आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्यात ते पानच नव्हतं. मी तर सहाणेकडे कौतुकाने पाहत होते.

छोटी झोपली. अगदी गाढ. एरवी किरकिर करणारी पोर हूं की चूं करेना. "बघा अम्मी," शहनाज म्हणाली, "कशी शांत झोपलीय. पुस्तकाची करामत!" ते ऐकून मी किती फुगले होते! आज ते आठवलं की मला माझंच वेष्टन अंगावरून ओढून तोंडावर घ्यावंसं वाटतं.

अकरा वाजले. दूध पाजायची वेळ टळली. बारा वाजले. शहनाजने छोटीला उचललं, तर मान कलंडली. गालाला हात लावला, तळपायाला टिचकी मारली. पोर डोळे उघडेना. श्वास चालू होता, पण जसा काही दुसऱ्या गावाहून येत होता.

माजिदा तशीच अनवाणी दुकानाकडे धावली. निसारभाई आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय दिलं?"

शहनाजने मला पुढे केलं. ते पान त्यांनी पाहिलं. त्यांच्या वडिलांची लाकडाची वखार होती, तिथे मापं असंच लिहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"बेटा, हे अकरा नाहीत. हा अर्धा आहे."

शहनाजने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. कागदावर सगळं उतरतं असं म्हणतात. ते खरं नाही.

सरकारी दवाखान्यात छोटीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी शहनाजच्या मांडीवर होते. डॉक्टरांनी मला चाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे अर्धवट काय आहे? लिहिलंय कुणी? अशा खुणा आणखी आहेत. त्यांचा अर्थ कुठे दिलाय? पूर्ण पुस्तक आणा. पोटात नेमकं काय किती गेलं ते मला कळायला हवं."

निसारभाई सायकलवर बसून वाचनालयाकडे निघाले. पुढचं मी पाहिलं नाही, आईने पाहिलं. तिने ते मला नंतर सांगितलं.

तो गुरुवार होता. भागीबाई खिडकीशी बसल्या होत्या. निसारभाई धापा टाकत आत आले आणि विमलाबाईंच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. हळू बोलायचं भान त्यांना कुठून राहणार? विमलाबाई उठल्या. त्यांनी कपाट उघडलं. आईला बाहेर काढून त्यांनी पहिलं पान उघडलं. डावीकडे ती ओळ होती. तिच्यासमोर उजवीकडे काय आहे, ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. वाचलं आणि त्यांनी आईला तसंच छातीशी धरलं.

"काय व्हयनं वं, विमल?" भागीबाईंनी खिडकीजवळूनच विचारलं. घाबरल्या की 'काय झालं गं'च्या जागी त्यांच्या तोंडी अशी माहेरची बोली यायची.

विमलाबाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण ते सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. त्यांना बोलावंच लागलं.

भागीबाईंनी काठी घेतली. "माझंच पुस्तक ना? चल. मी बी येते."

दुपारी तीनच्या सुमारास आईला घेऊन तिघं दवाखान्यात पोचली. भागीबाई आधी आत गेल्या. डॉक्टरांना त्यांनी कोष्टकातलं एकेक औषध आणि एकेक खूण समजावून दिली. छोटीच्या छातीला कान लावला. बाहेर येऊन त्या शहनाजशेजारी बसल्या.

"बाकी सगळं मापात आहे. जायफळ तेवढं जास्त झालं. पण श्वास लयीत आहे. आता वाट पाहायची."

"वाचेल का हो, नानी?"

"मी देव नाही, बाई. सुईण आहे. वाट पाहायला मात्र मला येतं. तू एकटी नाही पाहणार."

मग त्यांनी हात पुढे केला. शहनाजने मला त्यांच्या हातात ठेवलं. मित्रांनो, जिने आपल्याला लिहिलं तिच्या हातात जाण्याची ती माझी पहिलीच वेळ. कोणत्याही पुस्तकाला केवढा आनंद झाला असता! मला मात्र वाटत होतं, वारा यावा आणि मी त्यांच्या बोटांतून उडून जावं.

त्यांनी वेष्टन उघडलं. एक कागद उलटला. पुन्हा मागे आल्या. भिंगं वर सरकवली.

"माझं पहिलं पान कुठंय? फाटलं?"

निसारभाई काही बोलणार होते. विमलाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"फाटलं नाही, मावशी. मी काढू दिलं नाही. मीच म्हटलं, ते पान सोडा. त्यावर... हक्काची ओळ होती."

"म्हंजे?"

"तुम्हाला न विचारता प्रत काढत होते. ती ओळ डोळ्यांसमोर नको वाटली."

भागीबाईंनी भिंगं काढून पदराने पुसली. त्यांनी रागवावं म्हणून विमलाबाई वाट पाहत होत्या. रागाला निदान उत्तर देता येतं.

"अगं, हक्क म्हंजे काय मी तिजोरीला कुलूप घातलं होतं?" त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ओळीखाली पत्ता कशाला छापला मी? कुणी यावं, विचारावं म्हणून. ही पोर आली असती, तर तिला चहा पाजला असता आणि सांगितलं असतं, बाई, तिसऱ्यात जायफळ अर्धाच हं. एका वाक्याचं काम होतं. आणि मी कुठे होते? दर गुरुवारी तुझ्यापासून दहा पावलांवर."

विमलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "पाप झालं, मावशी."

"तुझं एकटीचं नाही. मी अक्षरी लिहायला हवं होतं, 'अर्धा' म्हणून. कोष्टकात जागा पुरेना, म्हणून दोन रेघा ओढून मोकळी झाले. आळस माझा, भीड तुझी, आणि भोगतंय कोण?"

माजिदा भिंतीशी बसून ओठ हलवत होती. शहनाज दाराकडे पाहत होती. विमलाबाईंचा त्या दिवशी उपास होताच, पण त्यांनी पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नाही. देवापाशी काय मागावं तेसुद्धा त्यांना सुचेना. पोर वाचू दे, असं म्हणायला गेल्या की मनात येई, हे मागणं पोरीसाठी की माझ्या सुटकेसाठी?

चार वाजले. पाच वाजले. दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेची सावली पायरीपर्यंत आली. आणि आतून एक आवाज आला. बारीक, चिडका, भुकेला. बाकावरच्या बाया एकदम उठल्या. त्या घाईत मी खाली पडले आणि कुणीतरी मला तुडवलं. मित्रांनो, मला त्याचं काहीच वाटलं नाही. तो पाय माझ्यावर पडायलाच हवा होता.

शहनाज आत गेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की धोका टळला, दोन दिवस इथेच ठेवू. निसारभाई भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

विमलाबाईंनी मला जमिनीवरून उचललं. "ही मी फाडून टाकते, मावशी. आत्ता. तुमच्यासमोर."

"फाडू नको. फाडल्यावर झालेलं न झालेलं होत नाही. नुसतं शिकलेलं विसरतं माणूस. निसार, पेन आहे का रे खिशात?"

त्यांनी मला मांडीवर घेतलं, तिसऱ्या महिन्याचं कोष्टक काढलं आणि त्या दोन दंडांच्या शेजारी निळ्या शाईत लिहिलं, 'अर्धा.'

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच विमलाबाई कारभारीसरांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. सरांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"मला विचारलं असतंत, तर मी नाहीच म्हटलं असतं, असं नाही," ते म्हणाले. "घरात बाळंतीण आहे, पुस्तक बाजारात नाही. बसून विचार केला असता. भागीबाईंना विचारलं असतं. पण हक्काचं पान सोडा, असं मी मरेपर्यंत म्हटलं नसतं."

एवढंच ते बोलले. पुढे महिनाभर ते विमलाबाईंशी पूर्वीसारखेच वागले आणि तेच विमलाबाईंना सर्वांत जड गेलं.

सुट्टीच्या दिवशी त्या भागीबाईंकडे जाऊ लागल्या. त्या कागद वाचायच्या, भागीबाई ऐकायच्या, आणि जिथे जिथे दंड येई तिथे तिथे विमलाबाई 'पाव' नाहीतर 'अर्धा' असं अक्षरांत लिहायच्या. सातपूरमधल्या कामगारांच्या बायकांना, शाळेतल्या शिक्षिकांना भेटून त्यांनी नव्या आवृत्तीसाठी आगाऊ ग्राहकांची नावं गोळा केली. प्रत्येकीला त्या सांगायच्या की माझ्या हातून असं असं झालं. कुणी विचारलं नाही तरी सांगायच्या. सांगताना मान खाली असायची. अठ्ठ्याऐंशी साली नवी आवृत्ती निघाली. भागीबाईंनी ती हातात घेतली, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला आणि पहिली प्रत स्वतः चालत जाऊन शहनाजला दिली.

तेव्हापासून मी शहनाजच्या ट्रंकेत तळाशी आहे. माझी शाई आता वरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटते, कडा पिवळ्या पडल्या. वर्षातून एकदा ती ट्रंक आवरते, मला बाहेर काढते आणि न उघडता परत ठेवते. मागच्या महिन्यात मालेगावहून तिची बहीण आली होती. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "ही दे ना मला, नाहीतरी पडून आहे." शहनाज म्हणाली, "ही नाही द्यायची. कार्ड लिही नानींना. पत्ता देते."

मित्रांनो, पुस्तकं संपतात, विकत मिळेनाशी होतात, आणि गरज काही थांबत नाही. मग माझ्यासारख्या जन्माला येतात. आम्हाला वाईट म्हणू नका. माझ्या तिघी बहिणींनी कितीतरी आयांना मदत केली. पण नक्कल काढाल तर उजळ माथ्याने काढा, आणि पुस्तक ज्याचं असेल त्याला आधी विचारा. नाही म्हणेल या भीतीने विचारायचं टाळू नका. आणि आपल्याला जे पान बघायची लाज वाटते, ते पान तर मुळीच गाळू नका. त्या पानाच्या समोर काय छापलेलं असेल, ते आपल्याला ठाऊक नसतं.

छोटी आता तीन वर्षांची आहे. परवा ट्रंक उघडी होती, तेव्हा तिने मला ओढून काढलं आणि कोष्टकावर बोट ठेवून विचारलं, "अम्मी, हे निळं काय?" शहनाजने तिला जवळ घेतलं आणि तिचं बोट धरून तो शब्द वाचून दाखवला, 'अर्धा.' माझ्या अंगावर तेवढा एकच शब्द असा आहे, जो नक्कल नाही.